चूक माणसाची, कसोटी रस्त्याची

अपघाताच्या बातमीत 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने' हे शब्द इतके रुळले आहेत की, त्यापुढेही काही विचारायचे असते याचा वाचकाला आणि यंत्रणेलाही विसर पडतो. ताबा नेमका तेथेच का सुटला? एकाच वळणावर, एकाच उतारावर किंवा एकाच चौकात वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वयांच्या आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या चालकांचा ताबा सुटत असेल, तर दोष केवळ चालकांचा कसा मानायचा? गेल्या पाच दशकांत काही देशांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. माणूस कसा पाहतो, अंतराचा अंदाज कसा बांधतो, कोठे कंटाळतो, कोठे घाई करतो आणि कोठे हमखास चुकतो, याचा अभ्यास करून तेथे रस्ते आखले जाऊ लागले. माणसाला रस्त्याच्या मापाचे करण्याऐवजी रस्ता माणसाच्या मापाचा करणे, हे या शास्त्राचे सूत्र आहे.

भारतासाठी हा विषय केवळ अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दर तासाला सरासरी १९ बळी. मृतांमध्ये ४४.५ टक्के दुचाकीवरील होते, तर १९.५ टक्के पादचारी. २०२३ मध्ये मृतांचा आकडा १ लाख ७२ हजारांच्याही पुढे गेला. या अपघातांची कारणे नोंदवणारा रकाना पाहिला, तर २०२२ मधील ७१.२ टक्के मृत्यूंची नोंद 'अतिवेग' या एकाच कारणाखाली सापडते.

अतिवेग हे कारण चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. पोलिसांच्या तपासाला गुन्हा कोणावर नोंदवायचा हे ठरवायचे असते, त्यामुळे त्यात व्यक्तीचा शोध आधी घेतला जातो. तो वेग घेण्याचे आमंत्रण रस्त्यानेच दिले होते काय, हा प्रश्न त्या कागदात सहसा येत नाही. गंमत अशी, की याच मंत्रालयाने 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या करताना मात्र जागेचे महत्त्व मान्य केले आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले अथवा दहा जणांचा मृत्यू झाला, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. चालक बदलत राहतात, जागा तीच राहते, याचीच ही कबुली आहे.

फलक एक सांगतो, रस्ता दुसरेच

शहराबाहेरचा एखादा नवा चौपदरी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. नाकासमोर सरळ, रुंद, दोन्ही बाजूंनी मोकळा. कडेला 'वेगमर्यादा ४०' असा फलक. या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारे वाहन शोधूनही सापडणार नाही. येथे चालकांमध्ये कायद्याविषयी अनादर असतोच असे नाही. वाहन चालवणे हे बव्हंशी सवयीने होणारे काम आहे आणि चालक सतत वेगमापकाकडे पाहत नाही. किती वेगाने जाणे 'योग्य' आहे याचा अंदाज तो समोरच्या दृश्यावरून बांधतो. मार्गिका किती रुंद आहे, पुढचे किती दूरपर्यंत दिसते, कडेला झाडे, घरे, माणसे आहेत काय, यांवरून त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर कमी-अधिक दाबला जातो. फलक सेकंदभर दिसतो, तर रस्ता सतत समोर असतो.

महामार्गावरील ३.५ मीटर रुंदीची मार्गिका जशीच्या तशी शाळेसमोरून नेली, तर चालकाला शाळा दिसण्याआधी महामार्गच दिसतो. त्यातच माणसाच्या डोळ्यांना वेगाची सवय होते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने तासभर प्रवास केलेल्या चालकाला शहराच्या वेशीवर ६० हा वेग रांगण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे गेलेले असते. धोका दिसणे, तो धोका आहे हे उमजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनी अडीच सेकंद गृहीत धरले आहेत. ताशी १०० किलोमीटर वेगासाठी ही संस्था १८० मीटरपर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसावा असे सांगते. त्यातले जवळपास ७० मीटर ब्रेक दाबण्याआधीच संपलेले असतात.

यावर हॉलंडने शोधलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. १९७१ मध्ये या छोट्या देशात सुमारे ३,३०० लोक रस्त्यांवर मृत्युमुखी पडले आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखामुळे पेटलेल्या 'मुलांच्या हत्या थांबवा' या चळवळीने सरकारला जाग आणली. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात घरांसमोरच्या गल्ल्यांची रचना बदलण्याचे प्रयोग झाले. झाडे, बाके, वळसे आणि फरसबंदी अशा रीतीने मांडली गेली की, वाहन घेऊन येणाऱ्याला आपण कोणाच्या तरी अंगणात शिरत आहोत असे वाटावे. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यानेही मान्यता मिळाली.

नव्वदच्या दशकात डच तज्ज्ञांनी हाच विचार देशभरच्या रस्त्यांसाठी मांडला. प्रत्येक रस्त्याचे एकच मुख्य काम असावे, लांबच्या वाहतुकीचा रस्ता आणि घरांपुढचा रस्ता दिसायलाही वेगळे असावेत आणि रस्ता पाहताच तेथे कसे वागायचे हे चालकाला आपोआप कळावे, असे हे तत्त्व. ग्रामीण भागातील ताशी ६० किलोमीटर मर्यादेच्या अनेक रस्त्यांवरून त्यांनी मधली पांढरी रेघ काढून टाकली आणि कडेच्या तुटक रेघा आत सरकवल्या. डांबर तेवढेच राहिले. पण रस्ता अरुंद भासू लागला आणि समोरून कोणी आल्यास सांभाळून घ्यावे लागेल ही जाणीव चालकाला होऊ लागली. लोकसंख्या आणि वाहने कितीतरी वाढूनही २०२३ मध्ये या देशातील रस्तेबळींची संख्या सातशेच्या आत होती. याचे सारे श्रेय रस्त्यांच्या आखणीला देता येणार नाही. सीटबेल्ट, मद्यपी चालकांवरील कारवाई आणि सुधारलेल्या मोटारी यांचाही त्यात वाटा आहे. तरीही आखणीविना ही घट झाली नसती, याबाबत तेथील तज्ज्ञांचे एकमत आहे.

डोळ्यांची फसवणूक, डोळ्यांचीच मदत

माणसाचे डोळे काही बाबतींत ठरलेल्या पद्धतीने फसतात. हे एकदा कळले की त्याचा उपयोगही करून घेता येतो. अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठाने जाणाऱ्या लेक शोर ड्राइव्ह या रस्त्यावर एक अवघड वळण आहे. तेथे ताशी सुमारे ४० किलोमीटरची मर्यादा होती, पण सरोवराच्या देखाव्यात गुंतलेल्या चालकांना तिचे भान राहत नसे. २००६ च्या सप्टेंबरमध्ये वळणाआधी रस्त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा आखण्यात आल्या. पहिल्या रेघांमधील अंतर सारखे होते, पुढे मात्र ते कमी कमी होत गेले. रेघा भराभर मागे पडू लागल्या की आपला वेग वाढतो आहे असे चालकाला वाटते आणि पाय आपसूक ब्रेककडे जातो. आधीच्या वर्षातील त्याच सहा महिन्यांच्या तुलनेत तेथील अपघात ३६ टक्क्यांनी घटले. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील 'नज' या पुस्तकामुळे हे वळण जगभर परिचित झाले.

असाच एक प्रयोग मुंबईत झाला, तोही रस्त्याऐवजी लोहमार्गावर. हार्बर मार्गावरील वडाळा येथे रूळ ओलांडताना मोठ्या संख्येने माणसे मरत होती. दंड, फलक, उद्घोषणा हे सारे होऊन गेले होते. रूळ ओलांडणाऱ्यांना कायदा माहीत नव्हता असे नाही; त्यांना गाडीच्या वेगाचा अंदाज येत नव्हता. आकाराने मोठी वस्तू प्रत्यक्षाहून हळू येत असल्याचा भास माणसाला होतो, हे हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना मांडले होते. या समजुतीच्या आधारे 'फायनलमाइल' या मुंबईतील सल्लागार संस्थेने २०१० च्या सुमारास तीन सोपे उपाय केले. रुळांखालचे काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले, जेणेकरून ते भराभर झाकले जाताना गाडीचा खरा वेग नजरेस यावा. मोटरमनने एका लांब भोंग्याऐवजी तुटक, छोटे भोंगे द्यावेत असे सुचवण्यात आले, कारण मधल्या शांततेमुळे कान टवकारतात. आणि गाडीखाली सापडण्याच्या क्षणी भीतीने विस्फारलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र रूळ ओलांडण्याच्या जागीच लावले गेले. तेथील मृत्यू पुढील काळात लक्षणीय प्रमाणात कमी झाले. उपदेशाने जे साधले नव्हते, ते नजरेला केलेल्या मदतीने साधले.

सुरक्षित वाटले की बेफिकिरी

माणसाच्या वागण्याची दुसरी बाजू मात्र अभियंत्यांची डोकेदुखी ठरते. रस्ता अधिक सुरक्षित वाटू लागला की माणूस अधिक धोका पत्करतो आणि रस्ता धोक्याचा वाटला की सावध होतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका रात्रीत वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे नेली. हाहाकार उडेल अशी सर्वांना धास्ती होती. घडले उलटेच. आदल्या वर्षी १,३१३ असलेली मृतांची संख्या १९६७ मध्ये १,०७७ पर्यंत खाली आली. गोंधळून जाण्याच्या भीतीने प्रत्येक जण जपून वाहन चालवत होता. नव्या बाजूची सवय झाली तशी ही सावधगिरीही ओसरली आणि दोनेक वर्षांत अपघातांचे प्रमाण पूर्वपदावर आले.

ऐंशीच्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यावर झालेला अभ्यासही हेच दाखवतो. काही टॅक्सींना चाके जखडू न देणारी 'एबीएस' ब्रेक यंत्रणा होती, काहींना नव्हती. नव्या ब्रेकच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. त्यांचे चालक अधिक जोरात ब्रेक लावू लागले, वळणे अधिक तीव्र घेऊ लागले. चांगल्या ब्रेकमधून मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगासाठी खर्च करून टाकली.

यावरून सुरक्षेचे सर्व उपाय व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. हेल्मेट आणि सीटबेल्ट यांनी असंख्य प्राण वाचवले आहेत. मात्र रस्ता रुंद केला, वळण सोपे केले, कडेची झाडे काढली, म्हणजे तो आपोआप सुरक्षित झाला, ही समजूत तपासून घ्यावी लागते. रुंदीकरणानंतर वेग वाढणार हे आधीच हिशेबात धरले नाही, तर पूर्वी हात-पाय मोडणारे अपघात जीवघेणे होऊ लागतात.

हान्स मॉन्डरमन या डच वाहतूक अभियंत्याने या मनोवृत्तीचा धाडसी उपयोग केला. ड्राख्टन या गावातील एका मोठ्या चौकातून रोज सुमारे २२ हजार वाहने जात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील सिग्नल हटवण्यात आले आणि चौकाला सामायिक मैदानासारखे रूप देण्यात आले. सिग्नल नाही म्हटल्यावर चालकाला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहूनच पुढे जावे लागते. भेटीला आलेल्या पत्रकारांसमोर मॉन्डरमन पाठमोरे चालत रहदारीत शिरत आणि वाहने त्यांना वळसा घालून जात. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कल्पनेच्या मर्यादाही पुढे उघड झाल्या. नजरेला नजर देणे अंध व्यक्तीला कसे जमावे, असा आक्षेप अंधांच्या संघटनांनी घेतला आणि २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने पदपथ व रस्ता एकाच पातळीवर आणणारे असे नवे प्रकल्प थांबवण्याची सूचना स्थानिक संस्थांना केली. एका गावात यशस्वी झालेले प्रारूप सरसकट सगळीकडे लावता येत नाही, हा त्यातला धडा.

शरीर किती सोसते?

अपघात पूर्णपणे टाळता येणार नाहीत, पण मृत्यू टाळता येतील, या विचारातून स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारले. रस्त्यांवर मृत्यू किंवा गंभीर जायबंदी होण्याचे प्रमाण शून्यावर आणणे, हे त्याचे ध्येय. माणसाच्या चुका गृहीत धरल्या की हिशेब माणसाच्या शरीरापासून सुरू होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. ताशी ५० च्या धडकेतील ऊर्जा त्याच्या पावणेतीन पटींहून अधिक असते आणि जिवाचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणूनच जेथे माणसे आणि मोटारी एकत्र येतात तेथे वेग ३० च्या वर जाऊ नये अशी रचना हवी, असे हे धोरण सांगते.

मोकळ्या महामार्गांवर हाच विचार निराळ्या रूपात आला. स्वीडनमध्ये १३ मीटर रुंदीचे अनेक दुपदरी रस्ते होते. त्यांच्या कडेला प्रशस्त पट्ट्या सोडलेल्या होत्या आणि चालक त्या पट्ट्यांचा आधार घेऊन बेधडक ओव्हरटेक करत. त्यातून समोरासमोर धडका होत. १९९८ पासून असे रस्ते तेवढ्याच रुंदीत नव्याने आखले गेले. एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक मार्गिका, काही अंतराने हा क्रम उलटा आणि मध्ये पोलादी दोरांचा कठडा. पुढे आपल्याला ओव्हरटेक करण्याची संधी नक्की मिळणार आहे हे ठाऊक असल्याने चालकाची उतावीळ कमी झाली आणि ज्याला धीर धरवला नाही तो समोरच्या वाहनाऐवजी दोरांवर आदळू लागला. दोर वाकतात, धक्का सोसतात. अशा रस्त्यांवरील मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. संपूर्ण स्वीडनमध्ये १९९७ मध्ये पाचशेहून अधिक असलेली वर्षाची मृत्युसंख्या २०२२ आणि २०२३ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास होती.

चौकांबाबत वाहतूक बेटाची कहाणी अशीच आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. एकेरी मार्गिकेच्या गोल वाहतूक बेटाभोवती हे बिंदू आठवर येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बेटामुळे प्रत्येकाला वेग कमी करून वळावेच लागते आणि काटकोनातील धडक जवळपास अशक्य होते. अमेरिकेतील २४ चौकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नल किंवा 'थांबा' फलक असलेल्या या चौकांचे वाहतूक बेटांत रूपांतर केल्यावर एकूण अपघात ३९ टक्क्यांनी, तर दुखापतीचे अपघात ७६ टक्क्यांनी घटले. म्हणजे माणसे त्यानंतरही चुकत होती, पण चुकीची किंमत कमी झाली होती.

द्रुतगती मार्ग, नवले पूल आणि समृद्धी

महाराष्ट्रात या विचाराची पहिली ठळक कसोटी लागली ती २००२ मध्ये पूर्ण झालेल्या ९४.५ किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र यांनी शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून काम हाती घेतले. प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या जागी जाऊन तपास करणे आणि त्यानुसार रस्त्यातच दुरुस्ती करणे, ही त्याची पद्धत होती. कठड्यांमधील फटी बुजवणे, उघड्या राहिलेल्या खांबांभोवती आणि भिंतींपुढे संरक्षण उभे करणे, फलक व पट्टे सुस्पष्ट करणे, मार्गिकेतच थांबणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवणे अशी ही कामे साधीच होती. जोडीला पोलिसांची कारवाई आणि जखमींना लवकर मदत यांवरही भर देण्यात आला. करोनाची टाळेबंदी येण्यापूर्वीच, २०१९ मध्ये, मृतांची संख्या ९२ वर आली होती. ती शून्य झालेली नाही, हे खरे. पण मराठी चालकाचा स्वभाव तीन वर्षांत बदलला नव्हता. बदलली होती ती त्याच्या चुकीनंतर समोर येणारी रस्त्याची कड.

पुण्याजवळचा नवले पूल परिसर हे याच नाण्याचे दुसरे अंग. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडणारा महामार्ग लांब उताराने या पुलाकडे येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका जड वाहनाने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा एका कंटेनरने वाहनांना चिरडले, आग लागली आणि किमान आठ जण मरण पावले. इंधन वाचवण्यासाठी चालक उतारावर इंजिन बंद करतात किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, हे अशा अपघातांच्या तपासात वारंवार सांगितले गेले आहे. असे केल्याने वेग आवरण्यातील इंजिनाची मदत नाहीशी होते, सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात.

हे वागणे घातक आहे यात शंका नाही. पण डिझेलचे पैसे वाचवण्याचा मोह प्रत्येक लांब उतारावर असणारच, हेही तितकेच निश्चित आहे. हा मोह गृहीत धरणारा रस्ता कसा असतो? उतार सुरू होण्यापूर्वी जड वाहनांना सक्तीने थांबवून ब्रेक तपासण्याची जागा, वाटेत ब्रेक निकामी झालेल्या वाहनाला शिरता येईल असा सैल खडीचा चढता फाटा आणि उताराच्या पायथ्याशी स्थानिक रहदारी महामार्गापासून पूर्णपणे वेगळी. डोंगराळ प्रदेशांतील महामार्गांवर जगभर अशा खडीच्या फाट्यांचा वापर होतो. वेगमर्यादेचे फलक आणि रम्बलर पट्ट्या हे त्याला पूरक उपाय आहेत. ब्रेक गमावलेल्या ट्रकला पट्ट्या थांबवू शकत नाहीत.

उताराच्या अगदी उलट अडचण सरळ रस्त्याची. मुंबई आणि नागपूरला जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने सुरू होऊन जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात आगीमुळे २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. या मार्गावरील अपघातांच्या निमित्ताने 'हायवे हिप्नोसिस' हा शब्द मराठी वृत्तपत्रांतही रूढ झाला. तासन्‌तास एकसारखे दृश्य, ना गाव ना वळण, अशा स्थितीत चालकाचे डोळे उघडे असतात पण लक्ष विझत जाते. जर्मनीच्या महामार्ग मानकांनी सरळ टप्प्याच्या लांबीलाच मर्यादा घातली आहे आणि लांब, सौम्य वळणे पसंत केली आहेत. बांधून झालेला रस्ता वाकवता येत नाही; पण कडेला टायर जाताच खडखडाट करणाऱ्या पट्ट्या, नजरेला जागे ठेवणाऱ्या खुणा आणि ठराविक अंतरावर खरोखर थांबावेसे वाटेल अशी विश्रांतीची ठिकाणे करता येतात. अशी ठिकाणे महामार्ग खुला होतानाच तयार हवीत, मागाहून नव्हेत.

पादचाऱ्याची सरळ रेषा

माणसाच्या वागण्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पादचाऱ्याच्या बाबतीत. तो नेहमी सर्वांत जवळची वाट शोधतो. मैदानातील आखीव रस्ता सोडून गवतातून जशी पायवाट पडते, तशीच ती रहदारीच्या रस्त्यावरही पडते. फक्त ती दिसत नाही. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे स्थानकाबाहेर पहिला स्कायवॉक झाला आणि त्यानंतर महानगर प्रदेशात असे अनेक मार्ग बांधले गेले. स्थानकाच्या पुलाला थेट जोडलेले काही स्कायवॉक गजबजतात. जेथे मात्र आधी जिने चढावे आणि मग पुन्हा उतरावे लागते, तेथे लोक खालच्या रहदारीतूनच वाट काढतात. हातात पिशव्या आणि पाठीशी मूल असलेल्या बाईला किंवा गुडघेदुखीने बेजार आजोबांना 'पुलाचा वापर करा' हा फलक निरर्थक वाटतो. रस्त्याच्या पातळीवर, मध्ये थांबण्याचे बेट असलेले आणि ठळक पट्ट्यांचे क्रॉसिंग त्यांच्या उपयोगाचे असते.

प्रतीक्षेलाही मर्यादा असते. रस्ता ओलांडण्यासाठी ३० सेकंदांहून अधिक थांबावे लागले की पादचारी अधीर होतात आणि धोका पत्करू लागतात, असे अमेरिकी अभियंते वापरत असलेल्या मार्गक्षमतेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत नमूद आहे. आपल्याकडील मोठ्या चौकांत दोन-दोन मिनिटांचे सिग्नल लावून पादचाऱ्याकडून शिस्तीची अपेक्षा केली जाते. महामार्गालगतच्या गावांची गोष्टही वेगळी नाही. शेत रस्त्याच्या पलीकडे आणि वळण्याची अधिकृत जागा दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर गावकरी दुभाजक फोडून वाट करतात आणि दुचाकीस्वार उलट दिशेने येतात. फुटलेला दुभाजक हा गुन्ह्याचा पुरावा असतो, तसाच तो येथे ओलांडण्याची सोय हवी होती याचाही पुरावा असतो. तो केवळ पुन्हा बांधला, तर महिन्याभरात पुन्हा फुटतो.

गतिरोधक हे आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत बिघडलेले साधन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने वाहन सुखरूप ओलांडून जाते. प्रत्यक्षात एखाद्या अपघातानंतर लोकांच्या दबावाखाली रातोरात टाकलेला, हातभर रुंदीचा, बिनरंगाचा उंचवटा हाच बहुतेकांच्या परिचयाचा असतो. अंधारात तो दिसत नाही आणि दुचाकीस्वाराला तोच पाडतो. वेग कमी करण्याची गरज खरी होती, पण ती भागवताना माणसाच्या डोळ्यांचा विचार झाला नाही.

मग चालकाची जबाबदारी?

रस्त्याच्या दोषांवर बोट ठेवल्याने मद्यपी, बेदरकार किंवा मोबाइलवर बोलत वाहन हाकणारा चालक निर्दोष ठरत नाही. त्याच्यावरील कारवाई व्हायलाच हवी आणि ती अधिक काटेकोर व्हायला हवी. परंतु शिक्षा ही मागाहून येते आणि एकाच चालकाला होते. रस्त्यातील दुरुस्ती त्या जागेवरून जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक चालकापर्यंत पोहोचते. सावध चालकाचेही क्षणभर दुर्लक्ष होते, त्यालाही झोप अनावर होते, त्याच्यापुढेही अचानक मूल धावत येते. अशा क्षणी त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, एवढीच अपेक्षा.

कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. आखणी, बांधकाम किंवा देखभालीची ठरवून दिलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. तरीही अपघातास रस्ताही जबाबदार असू शकतो हे तत्त्व त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात आले. त्याचा उपयोग व्हायचा, तर प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांबरोबर अभियंत्यानेही घटनास्थळी जाणे, तेथे काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते याची नोंद करणे आणि ती नोंद लोकांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

नागरिकांच्या हातीही काही आहे. प्रभागातील एखाद्या चौकात अपघात झाला की मागणी होते ती गतिरोधकाची, सिग्नलची किंवा पोलीस शिपाई नेमण्याची. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारता येतात. या रस्त्यावर वाहने प्रत्यक्षात किती वेगाने जातात आणि रस्ता त्यांना तसे जाण्यास का सुचवतो? लोक खरोखर कोठून ओलांडतात आणि क्रॉसिंगचे पट्टे कोठे आहेत? रात्री येथे काय दिसते? आणि उद्या याच जागी दुसरा कोणी चुकला, तर त्याच्यासमोर काय असेल: मोकळी कड, वाकणारा कठडा की सिमेंटचा खांब? या प्रश्नांची उत्तरे महापालिकेच्या किंवा बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे मागितली जाऊ लागली, तर 'ताबा सुटल्याने' हे शब्द बातमीच्या अखेरीस न येता चौकशीच्या आरंभी येतील.